सूर्योदयापूर्वींची एक घटिका

हल्लीं घरोघरीं सूर्योदयाचे फोटो घेण्याची हौस वाढली आहे, व ती आम्हांस मनापासून आवडते. परंतु स्नेहीमंडळींकडून आमच्या मोबाइलवर असे जे फोटो येतात, त्यांतील बहुतेकांत मध्यभागीं एक पांढराफटक ठिपका, त्याभोंवतीं फिकट पिंवळी जागा आणि खालीं समोरच्या इमारतीचा काळा कठडा, एवढेंच दिसतें. अंथरुणांतून जी लाली पाहून घेणारा गच्चीवर धांवला, ती त्यांत नसते. बिचाऱ्या कॅमेऱ्यास त्याबद्दल बोल लावला जातो. वास्तविक धांवणारा उशिरां पोंचलेला असतो. भरतवाक्याच्या वेळीं नाट्यगृहांत शिरावें, त्यांतलाच हा प्रकार.

मग पोंचावें केव्हां? याचें उत्तर आपल्या जुन्या घटिकापात्रांत आहे. पृथ्वी साठ घटिकांत 360 अंश फिरते, म्हणजे एका घटिकेंत 6 अंश. आणि घटिका 24 मिनिटांची. पाश्चात्य ज्योतिषांत संधिप्रकाशाचे तीन भाग केले आहेत, ते सूर्य क्षितिजाखालीं 6, 12 आणि 18 अंश असतांनाच्या स्थितीवरून. हिशेब पाहतां तो एक, दोन व तीन घटिकांचाच झाला! आपल्याकडे सूर्य किंचित् तिरका वर येतो, म्हणून थोड्या मिनिटांचा फरक पडतो, इतकेंच. एकादशीच्या वेधासाठीं धर्मशास्त्रकार सूर्योदयापूर्वीं चार घटिकांपासून अरुणोदय धरतात. त्यांची दृष्टि अधिक उदार. फोटो घेणाऱ्यास शेवटची एक घटिका पुरे, व तींतही सूर्योदयास वीस ते दहा मिनिटें उरलीं असतांनाचा काळ उत्तम.

त्या वेळीं किरण वातावरणांतून आडवे येतात. क्षितिजावरील सूर्याचा प्रकाश डोक्यावरील सूर्याच्या मानानें सुमारें 38 पट हवा ओलांडून येत असतो. हवेचे रेणु निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतात, ही उपपत्ति लॉर्ड रॅले यांनीं 1871 सालीं मांडली. निळा वाटेंतच सांडतो, आणि ढगांपर्यंत पोंचतो तो तांबडा. मात्र तो झेलावयास ढग पाहिजेत. निरभ्र आकाश संध्या करण्यास चांगलें, फोटोस नव्हे. आठदहा किलोमीटर उंचीवरचे पिसांसारखे ढग आधीं पेटतात, कारण त्यांस सूर्य आपल्या आधीं दिसतो. खालचे ढग तोंवर काळेच राहतात, व त्या काळ्या-तांबड्याच्या विरोधांतच सारी शोभा असते. पूर्वेस दूरवर अभ्राचा बांध पडला असेल तर हा खेळ होत नाहीं. देशावर मृगापूर्वींचे दिवस आणि परतीच्या पावसाचे भाद्रपद-आश्विन हे त्यासाठीं आम्हांस सर्वांत चांगले वाटतात.

फोटो घेतांना खोलींतला दिवा मालवावा, काच उघडावी, हात खिडकीच्या चौकटीस टेंकावा. मोबाइलचें यंत्र अंधाऱ्या आकाशालाही दुपार करूं पाहतें. म्हणून पडद्यावर आकाशाच्या उजळ भागावर बोट ठेवून उजेड कमी करावा. ‘नाइट मोड’ बंद ठेवावा. रंग आपोआप ‘सुधारण्याची’ सोय असते, तीही ‘ऑटो’वरून ‘डेलाइट’वर आणावी, नाहीं तर आकाशाची लाली हा दोष समजून यंत्र ती पुसून टाकतें. शेजारच्या माडाचा शेंडा किंवा गच्चीवरची पाण्याची टांकी कोपऱ्यांत येऊं द्यावी. त्यावांचून तें आपल्या घरचें आकाश आहे, हें कळावें कसें?

येथें एक तक्रार नोंदवितों. दुसऱ्याचेंच आकाश आणून आपल्या फोटोंत बसविण्याची करामत आतां मोबाइलांत आली आहे. फ्रान्सांत गुस्ताव्ह ल ग्रे यानें 1856-57 च्या सुमारास समुद्राची एक काच व आकाशाची दुसरी अशा जोडून चित्रें छापलीं हें खरें. परंतु त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशानें तत्काळ भरून जात, त्यामुळें त्यास दुसरा इलाजच नव्हता, आणि दोन्ही काचा त्यानें स्वतः घेतल्या होत्या. आमच्या मतें हें उसनें आकाश म्हणजे शुद्ध लबाडी. ऑगस्ट 1883 मध्यें क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटल्यावर विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकारानें लंडनांत चेल्सी येथें बसून संधिप्रकाशाचीं पांचशेंहून अधिक रंगीत रेखाटनें केलीं. रॉयल सोसायटीच्या 1888 च्या अहवालांत त्यांतलीं कांहीं आरंभींच छापलीं गेलीं. जें दिसलें तेंच काढलें, म्हणून तीं शास्त्रज्ञांस उपयोगी पडलीं. आपणही फोटोखालीं तिथि, तारीख व वेळ लिहून ठेवावी.

आतां खरी अडचण. त्या घटिकेस घरांत जागें कोण असतें? आमच्या पाहण्यांत तरी जागी असते ती सून किंवा सासूबाई, आणि ती असते स्वयंपाकघरांत. गॅसवर दूध, मुलांचे डबे, नळ जाण्यापूर्वीं भरावयाचें पाणी. आग्नेयेस चूल मांडण्याची आपली रीत. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरांत सूर्य पूर्वेच्या सुमारें 25 अंश दक्षिणेस उगवतो, म्हणजे हिंवाळ्यांतील अरुणोदय तिच्या ओट्याच्या अंगासच होतो. पण नजर दुधावर. परिचयांतील एका घरीं वर्षभराचे फोटो सुनेनें कुकरच्या दोन शिट्यांमध्यें घेतलेले आहेत. पैकीं आश्विनांतला एक असा उतरला आहे कीं, सासरे तो येईल-जाईल त्यास कौतुकानें दाखवितात. दूध पाहण्यास मात्र त्या घरांत अजून दुसरें कोणी उठत नाहीं! घटिकाभर पातेल्याजवळ उभें राहण्यास निवृत्त सासऱ्यांस अथवा दहावींतल्या नातवास कोणतें शास्त्र आड येतें, हें कोणी सांगेल तर बरें. तेवढ्या वेळांत ती गच्चीवर जाऊन येईल, आणि फोटो चौकटींतून नव्हे, मोकळ्यावर घेईल.

ज्यांच्या घरास पूर्वेची खिडकीच नाहीं त्यांनीं खट्टू होऊं नये. त्याच वेळीं पश्चिमेकडे पाहावें. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा दिसतो, ती आपल्या पृथ्वीचीच छाया. तिच्यावर गुलाबी पट्टा असतो. आकाश स्वच्छ असेल तर दोन्ही उत्तम दिसतात. येथें ढग नसलेलेच बरे. पूर्वेस सूर्य जसजसा वर येऊं लागतो, तसतशी ती छाया खालीं सरकत जाते, आणि सूर्योदयाबरोबर क्षितिजांत बुडते.