अफूच्या गोळीला मोकळे दुकान कोणासाठी?

वेदना ज्याची, निर्णयही त्याचाच. मग मॉर्फीन, कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी अफूवर्गीय वेदनाशामके घेण्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती कशाला, असा प्रश्न व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने विचारला जातो. त्याला गरिबांच्या कैवाराची जोडही दिली जाते. खेड्यात डॉक्टर नाही, शहरातल्या डॉक्टरची फी परवडत नाही, मग रुग्णाने कण्हतच बसावे काय, असा सवाल टाकला की ऐकणारा क्षणभर निरुत्तर होतो. वरवर पाहता ही मागणी करुणेतून आलेली दिसते. परंतु करुणेची परीक्षा शब्दांनी होत नाही. तिचा लाभ शेवटी कोणाच्या पदरात पडतो, यावरून होते.

मोकळ्या विक्रीचा हा युक्तिवाद हिंदुस्थानला नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनी बंगाल-बिहारची अफू कोलकात्याच्या लिलावात विकत असे आणि खासगी व्यापारी ती चीनमध्ये उतरवीत असत. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. चीनच्या बादशहाने या विषाला बंदी केली, त्याचा अधिकारी लिन झेश्यू याने १८३९ मध्ये अफूचे प्रचंड साठे नष्ट केले, तेव्हा इंग्रजांनी युद्ध पुकारले. त्या युद्धाच्या समर्थनार्थ जे शब्द उच्चारले गेले, त्यांत ‘मुक्त व्यापार’ हा प्रमुख होता. शेतकरी हिंदुस्थानचा, व्यसनी चीनचा आणि नफा तिसऱ्याचा, असा तो व्यवहार होता.

याच इंग्लंडने १८६८ मध्ये कायदा करून आपल्या घरात मात्र अफूची विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्यांपुरती मर्यादित केली. इकडे हिंदुस्थानात परवान्याच्या दुकानांतून अफू विकून सरकारी तिजोरी भरतच राहिली. मुंबईच्या गिरणगावात त्याची झळ थेट पाळण्यापर्यंत पोहोचली. दिवसभर साच्यावर उभी राहणारी माता तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ चारून कामावर जात असे. १९२० च्या दशकातील स्त्री-कामगारांच्या पाहणीतही या प्रथेची नोंद झाली. त्या मातेला कोणी दोष देऊ नये. तिच्यापाशी ना पाळणाघर होते, ना रजा. दुकान मात्र उघडे होते. गरिबाला सोय न देता केवळ गोळी मोकळी करून दिली की काय होते, याचे उत्तर महाराष्ट्राने आपल्या लेकरांच्या रूपाने पाहिलेले आहे.

‘हे जुन्या काळचे झाले, आजची औषधे सुरक्षित आहेत,’ असे कोणी म्हणेल. प्रत्येक पिढीत हेच सांगितले गेले. १८९८ मध्ये एका जर्मन कंपनीने खोकल्यावरचे औषध म्हणून जे बाजारात आणले, त्याचे नाव हेरॉईन होते. १९९६ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकोन्टिन ही गोळी आणली आणि तिच्यापासून व्यसनाचा धोका कमी असल्याचे डॉक्टरांच्या मनावर बिंबवले. २००७ मध्ये त्या कंपनीला या दिशाभुलीचा गुन्हा न्यायालयात कबूल करावा लागला. २०२० मध्ये पुन्हा गुन्ह्याची कबुली द्यावी लागली. तोवर अनर्थ घडून गेला होता. १९९९ ते २०२२ या काळात अफूवर्गीय पदार्थांच्या अतिमात्रेने अमेरिकेत सात लाखांहून अधिक माणसे दगावली. व्यक्तिस्वातंत्र्याचा जयघोष जगभर करणाऱ्या देशाची ही कहाणी आहे.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. अमेरिकेतील त्या गोळ्या तर चिठ्ठीवरच विकल्या गेल्या होत्या, मग चिठ्ठीने काय साधले? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देण्याचे कारण नाही. कंपनीचा पैसा डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोहोचला, म्हणून तेथे चिठ्ठी निष्प्रभ झाली. परंतु पहारेकरी फितूर झाला तर पहारेकरी बदलावा लागतो. वेसच पाडून टाकावी असे कोणी शहाणा सांगत नाही. शिवाय ज्या देशांनी कोडीनयुक्त औषधे चिठ्ठीवाचून विकण्याचा प्रयोग केला, त्यांतील फ्रान्सने २०१७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये चिठ्ठी सक्तीची केली. अनुभवाने पोळलेले देश ज्या वाटेवरून मागे फिरले, त्या वाटेवर भारताने पाऊल का टाकावे?

चिठ्ठीचा आग्रह हा केवळ नीतीचा नाही, शरीरशास्त्राचाही आहे. अफूवर्गीय औषध मेंदूतील वेदनेची जाणीव मंदावते, त्याचबरोबर श्वासाचे नियंत्रणही मंदावते. शरीराला त्याची सवय होत जाते आणि आज एका गोळीने मिळणाऱ्या आरामासाठी उद्या दोन लागतात. दारू किंवा झोपेची गोळी सोबत पोटात गेली तर झोपेतच श्वास थांबू शकतो. कोडीनचे यकृतात मॉर्फीन बनते. काहींच्या शरीरात ते इतक्या वेगाने बनते की नेहमीची मात्राही लहान मुलाच्या जिवावर बेतते. गिऱ्हाइकाच्या गर्दीत उभा असलेला दुकानदार यातले काय तपासणार? पाठदुखीने त्रस्त गृहस्थ स्वतःपुरता निर्णय घेतो असे त्याला वाटते. त्या निर्णयाची किंमत मात्र पुढे त्याची पत्नी, मुले आणि वृद्ध आईवडील मोजतात. भारतीय कुटुंबात कोणाचेही व्यसन एकट्याचे राहत नाही.

आपल्या देशात नियम नाहीत असे नाही. २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार कोडीन, ट्रॅमाडॉल आदी औषधे विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. तरीही केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अफूवर्गीय पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात आढळली. त्यांत औषधी गोळ्या-सिरप घेणाऱ्यांचे प्रमाण हेरॉईन घेणाऱ्यांच्या फारसे मागे नव्हते. नियम असताना ही स्थिती, तर नियमच काढल्यावर काय होईल?

या व्यापाराचे काळे टोक देशाबाहेरही जाते. मे २०१७ मध्ये इटलीतील जिनोआ बंदरात लिबियाकडे निघालेल्या सुमारे ३ कोटी ७० लाख ट्रॅमाडॉल गोळ्या पकडल्या गेल्या. जिहादी टोळ्या या गोळ्यांवर पैसा करतात आणि आपल्या लढवय्यांना त्या चारतात, असा संशय तेथील तपास यंत्रणांनी व्यक्त केला. त्या गोळ्या भारतातून निघालेल्या होत्या. २०२५ मध्ये मुंबईतील एका कंपनीच्या टॅपेन्टाडॉल-मिश्रित गोळ्या पश्चिम आफ्रिकेतील तरुणांना नासवीत असल्याचे उघड झाले आणि केंद्र सरकारला त्या मिश्रणाची निर्यात रोखावी लागली. एके काळी इंग्रजाने चीनला जे केले, तेच नफ्यासाठी आपल्यातील काहींनी आफ्रिकेला करावे, हा राष्ट्राच्या नावाला कलंक आहे. तो झाकणे म्हणजे देशभक्ती नव्हे.

मग खऱ्या वेदनाग्रस्ताचे काय? त्याच्यावर अन्याय झाला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने इतके परवाने मागितले की पुढच्या दशकभरात देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफू तयार होत होती, ती परदेशी जात होती आणि त्याच देशातला कर्करोगी रात्र-रात्र तळमळत होता. गरजूच्या दाराला कुलूप आणि व्यसनीला मागचे दार उघडे, अशी ती विपरीत स्थिती होती. ती बदलली ती मोकळ्या दुकानाने नव्हे. केरळात १९९३ पासून कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन सेवा उभी केली. प्रशिक्षित डॉक्टर, परिचारिका आणि गावोगावचे स्वयंसेवक रुग्णाच्या घरी पोहोचू लागले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनसह आवश्यक औषधांसाठी देशभर एकसारखे, सुटसुटीत नियम करण्याचा मार्ग मोकळा झाला. डॉ. राजगोपाल यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. वेदनेचे उत्तर सेवेत आहे, हे त्यांच्या कार्याने सिद्ध केले.

आयुर्वेदाची दृष्टीही हीच आहे. युक्तीने वापरले तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध ठरते आणि युक्ती सुटली तर उत्तम औषधही विष होते, असे आपल्या आचार्यांनी सांगून ठेवले. अहिफेन, म्हणजेच अफू, असलेली आयुर्वेदिक औषधेही वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत, असा आजचा कायदा आहे. ती युक्ती जाणणारा वैद्य रुग्ण आणि गोळी यांच्यामधून काढून टाकणे, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

समाजानेही येथे हात झटकून चालणार नाही. परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनाने परगावच्या रुग्णांना मुंबईत आधार देऊन सेवेची वाट दाखवली आहे. तालुक्याच्या गावी वेदनाशमन केंद्र उघडावे, जिल्हा रुग्णालयात मॉर्फीन उपलब्ध असावे, यासाठी कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी आठवड्यातून एकदा तरी जावे. आणि वस्तीतला जो दुकानदार चिठ्ठी न पाहता कोवळ्या पोराच्या हातात खोकल्याची बाटली ठेवतो, त्याला आधी समजवावे, न ऐकल्यास औषध प्रशासनाकडे त्याची तक्रार करावी. गिरणगावातल्या त्या मातेला हवा होता मुलाला सांभाळणारा हात. तिच्या हाती पडली गोळी. तीच चूक पुन्हा होऊ द्यायची नसेल, तर तो हात समाजालाच पुढे करावा लागेल.