धूर दिसत नाही, वायूचे काय?

कन्हानच्या पश्चिमेला खापरखेडा आणि कोराडी ही महानिर्मितीची दोन औष्णिक वीज केंद्रे आहेत. खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॉट, कोराडीची त्याहून जास्त. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक राखच असते. एवढा कोळसा जळूनही चिमणीतून काळे लोट निघत नाहीत, याचे श्रेय इलेक्ट्रॉनच्या टकरींना आहे.

बॉयलरमधून निघालेला वायू चिमणीआधी ‘ईएसपी’ या भल्यामोठ्या पेट्यांतून जातो. आत पोलादी पत्रे टांगलेले, मधोमध तारा आणि तारांवर हजारो व्होल्टचा ऋण दाब. तारेजवळ सुसाट सुटलेला इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूवर आदळतो. ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडवायला सुमारे १२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, नायट्रोजनला साडेपंधरा. धडक तेवढी जोरदार असली की एकाचे दोन होतात, दोनाचे चार. तारेपासून दूर गेल्यावर हे इलेक्ट्रॉन मंदावतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि तो ऋणभार राखेच्या कणांवर बसतो. भारित कण पत्र्यांकडे ओढले जातात. ठरावीक वेळाने हातोड्याचा ठोका बसतो, राख खाली पडते.

पुढे ही राख पाण्यात मिसळून तलावात जाते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला, तेव्हा ती शेतांत शिरली आणि कन्हान नदीत उतरली. हवेतली राख अडवली म्हणजे राखेचा प्रश्न संपला, असे नाही.

पण त्याहून मोठा प्रश्न ईएसपीतून अडथळ्याविना निसटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा आहे. ईएसपी कण पकडते, वायू नाही. चिमणीबाहेर पडल्यावर हाच वायू हवेत सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार करतो. म्हणजे धूळ पकडणारे यंत्र मागे राहते आणि धूळ पुढे जाऊन तयार होते.

हा वायूही इलेक्ट्रॉननेच मोडता येतो का? येतो. इथे मात्र एक गंमत आहे. रेणूतून इलेक्ट्रॉन उडण्याची शक्यता साधारण १०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास सर्वाधिक असते. त्याहून वेग वाढला की ती घटते. कन्हान जंक्शनवरून न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये कोणाला चढता येते? पण असा वेगवान इलेक्ट्रॉन दूरवर जातो आणि वाटेत थोडी थोडी ऊर्जा वाटत सुटतो. हवेत एक आयन-जोडी तयार व्हायला सरासरी ३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट खर्च होतात. त्या हिशेबाने ७ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा एकच इलेक्ट्रॉन सुमारे वीस हजार जोड्या घडवतो. या धुमाळीत पाण्याचे आणि ऑक्सिजनचे रेणू तुटतात. त्यांचे तुकडे सल्फर डायऑक्साइडचे आम्ल करतात आणि अमोनिया सोडला की त्याचे खत होते. पोलंडमधल्या पोमोझानी वीज केंद्रात हे करून दाखवले गेले. तंत्र वीजखाऊ आहे. उद्याच ते कोराडीत बसवा, असे आमचे म्हणणे नाही.

चुनखडीवर चालणारी ‘एफजीडी’ यंत्रणा मात्र जगभर रुळलेली आहे. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली आणि ती पुन्हा पुन्हा वाढवली. जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या बहुतेक केंद्रांना एफजीडीतून सूटच मिळाली. दहा लाखांहून मोठ्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवर सक्ती राहिली. भारतीय कोळशात गंधक कमी, हा सुटीमागचा युक्तिवाद. तो खरा आहे. पण टक्का कमी असला तरी जळणारा कोळसा प्रचंड आहे. आणि १० किलोमीटरची रेघ वाऱ्याला कोण दाखवणार?

चिमण्यांवर सतत मोजणी करणारी यंत्रे असतात. खापरखेडा आणि कोराडीतील सल्फर डायऑक्साइडचे त्यांवरचे आकडे, राखेच्या आकड्यांपासून वेगळे करून, कन्हान-पिपरी नगर परिषदेच्या दारात रोज लावावेत. ही मागणी कन्हानकरांनी आताच करायला हवी.