पाटीवरचें नांव

गेल्या दिवाळींत चार दिवस गोंदियास आमच्या एका आप्तांकडे राहण्याचा योग आला. फराळाचीं ताटें पुढें आलीं, मुलांचे फटाके उडून संपले. परंतु माजघरांत मात्र एक विषय धुमसतच होता. तो जमिनीचा नव्हे, दागिन्यांचा नव्हे, कीं मुलीच्या लग्नाचाहि नव्हे. तो होता दुकानावरील पाटीचा. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं स्वतःचा धंदा असेल, आणि ज्यांच्या घरीं नसेल त्यांच्याहि घरीं नांवाचा अभिमान असेलच. म्हणून त्या चार दिवसांत जें ऐकलें व जें सुचलें, तें ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आप्तांचें घर मोठें. थोरले अण्णा, त्यांचे दोघे धाकटे भाऊ, तिघांचीं बायकामुलें, आणि सर्वांवर नव्वदीला टेकलेल्या आजी. आजोबांनीं घातलेला छापखाना हीच ह्या घराची अन्नपूर्णा. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळांत येथें विड्यांच्या कट्ट्यांवरचीं लेबलें, राईस मिलींचीं पावतीपुस्तकें आणि लग्नामुंजीच्या पत्रिका छापल्या जात. गोंदिया हें धानाचें आणि विडीचें गांव. तेव्हां ह्या दोन्ही धंद्यांस लागणारा कागद छापणाऱ्यावर हात जोडून बसण्याची पाळी क्वचितच येई. पुढें खिळे गेले, ऑफसेट आलें. ऑफसेटच्या शेजारीं संगणक आला. संगणकाच्या मागोमाग फ्लेक्सचें यंत्र आलें. आज त्याच जागेंत फोटो निघतात, झेरॉक्स होते, पुस्तकांची बांधणी होते, विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, शेतकऱ्यांस सातबारा काढून मिळतो, आणि हमीभावानें धान विकण्यासाठीं जी नोंदणी करावी लागते तिचे कागदहि तयार होतात. परंतु रस्त्यानें जाणाऱ्यास ह्यांतलें कांहींच कळत नाहीं. कारण दारावरची पाटी आजोबांचें नांव आणि त्यापुढें 'मुद्रणालय' एवढेंच सांगते.

मधल्या भावाचा मुलगा नागपुरास शिकून घरच्या धंद्यांत परत आला आहे. अशीं परत येणारीं मुलें हल्लीं थोडीं. तो रोज पाहतो, कीं आमगांव-सालेकशाकडून आलेला शेतकरी ह्यांच्याच पाटीखालीं उभा राहून 'अर्ज कोठें भरतात?' असें विचारतो, आणि समोरच्या नव्या दुकानांत जातो. त्या दुकानावर 'मल्टी सर्व्हिसेस' असें लिहिलेलें आहे. मुलगा म्हणाला, "अण्णा, आपण कामें दहा करतों आणि नांव एकाच कामाचें सांगतों. समोरचा कामें दोन करतो आणि नांव शंभरांचें सांगतो. गिऱ्हाइकाचें काय चुकलें?" त्यानें नवें नांवहि योजून ठेवलें होतें. त्यांत 'मल्टी' होतें, 'सर्व्हिसेस' होतें. आजोबा मात्र नव्हते.

अण्णांनीं अडकित्ता खालीं ठेवला. "ह्या नांवावर नागपूरचा कागदवाला मला चाळीस वर्षें उधारीनें माल पाठवीत आला आहे. 'मल्टी' ह्या नांवाची त्याच्या वहींत पत किती?"

दोघांचेंहि खरें होतें, आणि म्हणूनच वाद मिटेना. तिसऱ्या रात्रीं मुलगा हळूच बोलून गेला, कीं पाटी बदलत नसेल तर आपण पलीकडचा गाळा भाड्यानें घेऊन पाहतों. त्या वाक्यासरशीं माजघर चिडीचूप झालें. पाटीवरचीं चार अक्षरें राहूं द्या. एका घराच्या दोन चुली होण्याची वेळ आली आहे, हें प्रत्येकाच्या ध्यानांत आलें.

पाहुण्यानें घरच्या वादांत पडूं नये, हा शिष्टाचार आम्हांस ठाऊक आहे. परंतु अण्णांनीं आपण होऊन 'तुमचें काय मत?' असें विचारलें, तेव्हां बोलणें भाग पडलें. मत देण्यापूर्वीं आम्हीं कांहीं उदाहरणें त्यांच्यापुढें मांडलीं. तींच येथें देतों.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर ह्यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें आलीं, लोखंडी नांगर आले. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. मग पंप, मग एंजिनें. धंद्याची कूस इतक्या वेळां बदलली, तरी 'किर्लोस्कर' हें नांव बदलावें लागलें नाहीं. कां बरें? तर त्या नांवांत सायकल नव्हती, म्हणून नांगर आला तेव्हां तें खोटें पडलें नाहीं. नांव माणसांचें होतें, मालाचें नव्हतें. ह्याच कारखान्यांतून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघूं लागली. कारखान्याच्या खबरबातेपुरतें तें नांव ठीक होतें. पुढें तींत कथा आल्या, समाजसुधारणेचे लेख आले, आणि 'खबर' हा शब्द आखूड पडूं लागला. तेव्हां मासिक नुसतें 'किर्लोस्कर' झालें. गळलें तें कामाचें नांव; राहिलें तें घराचें.

नांवांतच माल असला म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण खानदेशांत सांपडतें. अमळनेरास २९ डिसेंबर १९४५ रोजीं महंमद हाशम प्रेमजी ह्यांनीं वनस्पति तुपाची कंपनी स्थापन केली. तिचें नांव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड'. त्यांत प्रदेश आला आणि पदार्थहि आला. १९६६ सालीं ते वारले, आणि त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी ह्यांजवर सारा कारभार येऊन पडला. तूप आणि साबण ह्यांच्या जोडीला कंपनी यंत्रांचे भाग करूं लागली, तेव्हां तो 'व्हेजिटेबल' शब्द पायांत घोटाळूं लागला. १९७७ सालीं नांव 'विप्रो प्रॉडक्ट्स' झालें. १९८२ सालीं 'प्रॉडक्ट्स'हि गेलें व 'विप्रो लिमिटेड' उरलें. तोंवर कंपनी संगणकाच्या धंद्यांत शिरली होती. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं तें नवें नांव बाहेरून आणलेलें नव्हतें. जुन्याच लांबलचक इंग्रजी नांवांतलीं अक्षरें उचलून तें बनविलेलें होतें. आणि बदलहि एका उडींत न होतां, पांच वर्षांच्या अंतरानें, दोन पायऱ्यांनीं झाला.

अमळनेरापर्यंत तरी कशास जावें? खुद्द गोंदियांत छोटाभाई जेठाभाई ह्यांची विडीची पेढी नांवाजलेली. त्या दोन नांवांच्या इंग्रजी आद्याक्षरांचें 'सीजे' झालें, आणि तंबाखूखेरीज दुसऱ्या धंद्यांवरहि तेंच नांव लागलें. स्टेशनावर जाऊन पाहावें, तर तेथें ह्याहून गमतीचा प्रकार. १८८७ सालीं निघालेल्या बेंगाल-नागपूर रेल्वेचें हें स्टेशन. ती रेल्वे १९५२ सालीं ईस्टर्न झाली, १९५५ सालीं साउथ ईस्टर्न झाली, आणि २००३ पासून येथला कारभार साउथ ईस्ट सेंट्रल रेल्वेच्या नांवानें चालतो. कारभाराचीं नांवें चार झालीं. परंतु फलाटावरची 'गोंदिया' ही पाटी कायम, कारण उतारूस हवें असतें तें नांव हेंच. आणि गांवाचें हें नांव तरी कशावरून पडलें? आसपासच्या जंगलांतून येणाऱ्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून, असें सांगतात. आज गांव धानावर जगतें, तरी त्याचें नांव बदलून 'धानपूर' करावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं. कांहीं नांवें मालाचीं म्हणून जन्मतात आणि वापरानें माणसांचीं होऊन जातात. तशा नांवांस हात लावूं नये.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. गेल्या शतकाच्या शेवटल्या दोन-तीन वर्षांत संगणकाच्या धंद्याचा इतका बोलबाला झाला होता, कीं ज्यांचा त्या धंद्याशीं फारसा संबंध नव्हता अशाहि कित्येक कंपन्यांनीं नांवांत 'सॉफ्टवेअर' किंवा 'इन्फोटेक' घालून घेतलें. नांव पाहून लोकांनीं शेअर घेतले, आणि मागाहून कपाळाला हात लावला. ह्या खोडीस आळा घालण्यासाठीं शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी'नें २०१५ च्या नियमांत दोन अटी घातल्या. मागच्या नामांतरास निदान एक वर्ष झालेलें असावें. आणि नव्या नांवानें जें काम सुचविलें जातें, त्या कामाचा गेल्या वर्षाच्या उत्पन्नांत निदान निम्मा वांटा असावा, अथवा कंपनीच्या मालमत्तेपैकीं निदान निम्मी त्या कामांत गुंतलेली असावी. मोठ्या कंपन्यांसाठीं केलेला हा नियम घरगुती धंद्यासहि उत्तम लागू पडतो, असें आमचें मत आहे. आधीं काम वाढवावें, मग पाटी वाढवावी. नांव पुढें धांवलें आणि काम मागें राहिलें, तर त्यास लोक जाहिरात म्हणतात. आणि काम पुढें जाऊन नांव मागें राहिलें, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानांत जातें.

म्हणून आम्हीं अण्णांस सांगितलें, कीं तुमच्या पाटीवर एक नांव नसून दोन आहेत. आजोबांचें नांव ही पत आहे, आणि 'मुद्रणालय' हें काम आहे. चिरंजीव काम बदलूं म्हणतात, तुम्ही पत राखूं म्हणतां. ह्यांत भांडण कोठें आहे? आतां काम खरोखरच बदललें आहे कीं नाहीं, तें मात्र आम्हीं सांगावयाचें नाहीं. तें वहीनें सांगावें.

दुसऱ्या दिवशीं पाडवा होता. नव्या वहीची पूजा व्हावयाची म्हणून जुन्या वह्या बाहेर काढल्याच होत्या. अण्णा आणि पुतण्या एका पाटावर बसले; एक आंकडे वाचूं लागला, दुसरा मांडूं लागला. दोन तासांनीं बेरीज झाली. छपाईचें उत्पन्न एकंदरीच्या निम्म्याहून कमी भरलें. अण्णा बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत राहिले. चौदाव्या वर्षीं शाळेंतून येऊन ते वडिलांच्या शेजारीं खिळे जुळवीत बसत. बोटांना लागलेली शाई जेवतांना देखील निघत नसे. 'मुद्रणालय' हा शब्द त्यांच्या लेखीं नुसता शब्द नव्हता. तो सोडणें त्यांस किती जड गेलें असेल, हें पुतण्यास त्या वेळीं कळलें असावें. कारण 'मल्टी' शब्दाचा हट्ट त्यानें न मागतां सोडून दिला.

ठरलें तें असें. आजोबांचें नांव मोठ्या अक्षरांत तसेंच राहावें. त्यापुढला 'मुद्रणालय' शब्द काढून 'सेवा केंद्र' असें लिहावें, आणि खालच्या ओळींत कामांची यादी द्यावी. तींत छपाई पहिली असावी. पुतण्यानें पाटीसाठीं इंग्रजी अक्षरांचा एक देखणा नमुना काढला होता, तोहि बाजूस ठेवावा लागला; कारण महाराष्ट्रांत २०२२ च्या दुरुस्तीपासून दुकान लहान असो वा मोठें, पाटी मराठींत देवनागरी अक्षरांत असलीच पाहिजे, आणि दुसऱ्या लिपीचीं अक्षरें मराठीहून मोठीं असतां कामा नयेत.

नांव पाटीवर बदललें म्हणजे सर्वत्र बदललें, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. पेढी भागीदारीची व नोंदलेली असल्यास १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें निबंधकाकडे नव्या नांवाची नोंद करून घ्यावी लागते. जीएसटीच्या नोंदणींतील बदल पंधरा दिवसांच्या आंत कळवावा लागतो. बँकेंतलें खातें, पावतीपुस्तकें, रबरी शिक्के, विजेचें बिल, हीं सर्व एकामागून एक बदलावीं लागतात. आणि उधारीनें माल देणाऱ्या प्रत्येकास स्वतः पत्र लिहून कळवावें, हें कायद्यांत नसलें तरी व्यवहारांत आहे. कंपन्यांच्या बाबतींत तर २०१३ च्या कायद्यानें असें सांगितलें आहे, कीं नांव बदलल्यावर दोन वर्षेंपर्यंत पाटीवर आणि पत्रांवर नव्या नांवासोबत जुनेंहि नांव द्यावें. भागीदारीच्या पेढीस हा नियम बांधील नाहीं. तरी अण्णांनीं तो आपण होऊन मान्य केला. नागपूरच्या कागदवाल्यास पहिलें पत्र पुतण्याच्या हातचें जावें, असेंहि त्यांनींच सुचविलें.

हें सर्व चाललें असतां आजी दारापाशीं वाती वळीत बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलें नव्हतें. अण्णांनीं शेवटीं विचारलें, "आई, नांव बदलतों आहों. चालेल ना?"

आजी म्हणाल्या, "लग्नांत ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें माझें नवें नांव लिहिलें, तेव्हां मला कोणीं विचारलें होतें? तुम्हीं निदान विचारलेंत. माहेरीं गेलें कीं जुन्या नांवाला ओ देत होतें, इथें नव्या नांवाला देत आलें. ओ देणारी मी तीच होतें, म्हणून निभावलें. तुमच्या दुकानांत आलेल्या माणसाला ओ कोण देणार, तें आधीं ठरवा."

थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग पुतण्या म्हणाला, "सकाळीं मी, दुपारीं अण्णा."

आम्ही निघालों त्या दिवशीं नवी पाटी घरच्याच यंत्रावर छापून झाली होती, आणि जुनी पत्र्याची पाटी पुसून आंत गल्ल्याच्या वर लावीत होते. पलीकडचा गाळा अजून रिकामाच होता.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असाच प्रश्न उभा असेल त्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं नवें नांव शोधावयास बसण्यापूर्वीं एकदां सर्वांनीं मिळून जुनी वही वाचावी. आणि घरांतल्या सर्वांत वडील माणसास, त्याचें मत मानावयाचें असो वा नसो, विचारावयास विसरूं नये.