मार्गशीर्ष-पौषातील डोंगरवाट

कार्तिक पौर्णिमा उलटली की चातुर्मासाचा स्थिरवास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. पावसाळ्यात वाटा, ओढे आणि माळ सूक्ष्म जीवांनी भरलेले असतात, म्हणून चार महिने एका गावी मुक्काम. उरलेले आठ महिने पायी प्रवास. हिवाळा हा चालण्याचा ऋतू आहे, ही जाणीव जैन परंपरेत अशी फार जुनी आहे.

वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांचा हिवाळा मात्र वेगळ्याच घाईचा असतो. अकोला आणि अमरावतीच्या बाजारांत कापसाची आवक भरात असते, जिनिंगची यंत्रे थांबत नाहीत, तुरीचा हंगाम पुढे उभा असतो. नाताळच्या सुटीत मुले मोकळी होतात, त्याच दिवसांत घरातील कर्त्या माणसाला गादी सोडवत नाही. सवड मिळालीच, तर गाडी दूरच्या शहराकडे वळते. उत्तरेला क्षितिजावर दिसणारी गाविलगडाची डोंगररांग बारा महिने डोळ्यांसमोर असूनही पायाखाली येत नाही. या रांगेत तीन दिवसांची एक हिवाळी यात्रा सहज बसते आणि तीत तीर्थ, किल्ला व अरण्य ही तिन्ही येतात.

अमरावतीहून परतवाडा सुमारे 50 किलोमीटर. शेजारीच अचलपूर. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात या नगराच्या नावाची खास नोंद घेतली आहे. ‘अचलपूर’ या शब्दातील ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होऊन ‘अलचपूर’ असा उच्चार होतो, असा नियम त्यांनी दिला. पुढे प्रचारात आलेले ‘एलिचपूर’ हे नाव त्याच उच्चाराची आठवण ठेवते. परतवाड्यापासून सुमारे 15 किलोमीटरवर, राज्याची सीमा ओलांडताच बैतूल जिल्ह्यात मुक्तागिरी लागते.

साडेतीन कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी या सिद्धक्षेत्राची परंपरा. ध्यानस्थ मुनींसमोर कोसळलेल्या मेंढ्याला अखेरच्या क्षणी नमोकार मंत्र ऐकायला मिळाला आणि तो देवगतीला गेला, अशी कथा सांगितली जाते. ‘मेंढागिरी’ हे नाव तिच्यावरूनच आले. डोंगराच्या अंगाखांद्यावर 52 मंदिरे आहेत आणि त्यांच्यामधून धबधब्याची घळ उतरते. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या, उन्हाळ्यात दगड तापलेला. मार्गशीर्ष-पौषातली सकाळ मात्र वंदनेसाठीच घडवली असावी अशी. येथे घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या गतीने चढावे. नातू पुढे पळतो, आजी प्रत्येक मंदिरापाशी थांबते, आणि थांबण्यामुळेच 52 मंदिरे 52 राहतात. नाहीतर ती एकच गर्दी होऊन जातात.

दुसरा दिवस चिखलदरा आणि गाविलगडाचा. विदर्भातील हे थंड हवेचे ठिकाण. येथे कॉफीही पिकते. भीमाने कीचकाला या दरीत फेकले, अशी लोककथा आहे. गाविलगडाचा इतिहासही हिवाळ्यातलाच. 29 नोव्हेंबर 1803 रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि त्याचा मोर्चा गाविलगडाकडे वळला. उत्तरेकडील बाजूस तोफा नेण्यासाठी स्टीव्हन्सनच्या सैन्याला डोंगर फोडत कित्येक दिवस रस्ता करावा लागला. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाला खिंडार पडले. पण आतला किल्ला मधल्या घळीपलीकडे शाबूत होता. तेव्हा एका तुकडीने खडक चढून शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला आणि गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडला. गाविलगड आणि नरनाळा मात्र त्यांच्याकडेच राहिले. ज्या गडासाठी इतकी माणसे मेली, तो कागदावर पुन्हा पूर्वीच्या धन्याला मिळाला. मुलांना हे त्या तटावर उभे राहून सांगावे. आदल्या दिवशी सर्वस्व सोडण्यासाठी चढलेला डोंगर त्यांनी पाहिलेला असतो, दुसऱ्या दिवशी धरून ठेवण्यासाठी बांधलेला. अपरिग्रहावरचे प्रवचन वेगळे करण्याची गरज उरत नाही.

अकोल्याच्या कुटुंबांना नरनाळा जवळचा. अकोट सुमारे 45 किलोमीटर, पुढे शहानूर, आणि तेथून वनविभागाच्या परवानगीने गडावर. 1487 मध्ये उभारलेला महाकाली दरवाजा, त्यावरील कोरीव नक्षी आणि गडावरचे तलाव पाहण्यात अर्धा दिवस जातो. अकबराच्या काळी नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होते.

तिसरा दिवस आणि एक रात्र मेळघाटासाठी. 1973-74 मध्ये देशातील पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प घोषित झाले, त्यांपैकी हा एक. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या येथून तापीकडे जातात. मन मानेल तेथे तंबू ठोकण्याचे हे ठिकाण नव्हे. सेमाडोह, कोलकास अशा नेमून दिलेल्या जागीच आगाऊ नोंदणी करून राहावे लागते. पायी फिरणेही ठरलेल्या वाटेने आणि वनरक्षक किंवा वाटाड्या सोबत असतानाच. ही बंधने जाचक वाटणाऱ्यांनी आपल्या घरचे नियम आठवावेत. जंगलात दोन्हींचा मेळ आश्चर्यकारक रीतीने बसतो.

डिसेंबरात येथे सकाळ पावणेसातच्या पुढे उजाडते आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दरीत त्याआधीच सावली पडते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या कुटुंबाचा दिवस जंगलाच्या घड्याळाशी आपोआप जुळतो. पाच वाजता भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेपले उलगडले की अंधार पडेपर्यंत भांडी आवरलेली असतात, उष्ट्याच्या वासाने अस्वल किंवा रानडुक्कर मुक्कामाकडे येत नाही आणि रात्र ऐकण्यासाठी मोकळी राहते. पाण्याचेही तसेच. गाळलेले पाणी 48 मिनिटांपर्यंतच चालते, हा नियम पाळणारे घर पाणी उकळून सोबत नेते. त्यामुळे बाटल्या विकत घेण्याची आणि मागे टाकण्याची वेळ येत नाही. ओढ्याचे पाणी गाळलेच, तर जिवाणी त्याच ओढ्यात हलक्या हाताने परत सोडावी. मुलाने हे एकदा आपल्या हाताने केले की नियमाचा अर्थ त्याला जन्मभर पुरतो.

शेकोटीचा मोह हिवाळ्यात मोठा. परंतु सागाच्या गळलेल्या पानांखाली किती जीव थंडीपासून आसरा घेऊन असतात, याची मोजदाद नाही; शिवाय एक ठिणगी पानगळीच्या जंगलाला पुरते. वनविभागाची मनाई आणि अग्निकायाचा विचार येथे एकच गोष्ट सांगतात. शाल, कानटोपी आणि जाड सतरंजी पुरेशी आहे.

सर्वांत अवघड प्रश्न दयेचा. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर आणि मुक्तागिरीच्या परिसरात माकडे दिसली की गाडी थांबते, काच खाली होते आणि बिस्किटे, फुटाणे, केळी बाहेर येतात. पुण्य पदरी पडल्याच्या समाधानात गाडी पुढे जाते. त्या प्राण्याचे मात्र नुकसान सुरू होते. तो झाडावरचा पाला सोडून रस्त्यावर बसू लागतो, चाकाखाली येतो, हातातल्या पिशवीवर झडप घालतो आणि मग लोकांकडूनच दगड खातो. प्लास्टिकचे वेष्टन पोटात जाते ते वेगळेच. जीवदया ही देणाऱ्याच्या मनाची शांती नसून घेणाऱ्या जिवाचे हित आहे, हा भेद व्यापारी समाजाला समजावून सांगावा लागू नये. जमेच्या आणि खर्चाच्या बाजूंत तो कधी गोंधळ करत नाही. दानाची इच्छा असेल, तर पांजरापोळ आहे, गोशाळा आहे. जंगलातील प्राण्याला फक्त त्याचे जंगल हवे.

ते जंगल शांत राहावे यासाठी किंमतही मोजली गेली आहे. बोरी, कोहा आणि कुंड या गावांतील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून व्याघ्रप्रकल्पाबाहेर वस्ती केली. मेळघाटात कोरकू समाज आजही मोठ्या संख्येने राहतो. ज्या शांततेसाठी कुणी आपले अंगण सोडले, तेथे गाडीतील गाणी लावून उतरणे शोभत नाही. वाटाड्या कोरकू असेल, तर त्याला ‘दादा’ म्हणावे, ठरलेला मोबदला घासाघीस न करता द्यावा आणि झाडांची नावे त्याच्याकडून शिकावीत.

शांततेचे फळही मिळते. रानपिंगळा हे लहानसे घुबड 1884 नंतर 113 वर्षे कुणा अभ्यासकाला दिसले नव्हते. 1997 मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा आढळले आणि पुढे मेळघाटातही त्याचे चांगले वास्तव्य असल्याचे दिसून आले. हा पक्षी दिवसाही वावरतो, म्हणून थोडा वेळ न बोलता बसणाऱ्या मुलाला तो दिसू शकतो. दोन घटिका सामायिकासाठी बसण्याची सवय असलेल्या घरातील मुलाला ही परीक्षा जड नाही.

ऐन हंगामात तीन दिवस गादीवर नसणे म्हणजे तोटा, हे खरेच. परंतु दहावी-बारावी, मग पुणे, मग परदेश असा मुलांचा प्रवास आता ठरल्यासारखा झाला आहे, आणि त्यांच्यासोबत डोंगर चढण्याचे हिवाळे प्रत्येक घराला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात. आजीचे गुडघेही दर वर्षी तेच राहत नाहीत. सुटीच्या तारखा पाहून कोलकासची नोंदणी लवकर करावी, आणि मुनीमजींना तीन दिवसांच्या किल्ल्या द्याव्यात.