सुरी नाकारायची, तर सुई मागा

सातव्या महिन्यात गाय गाभडते. वार पडत नाही. घरातला कर्ता पुरुष बाह्या सारून उघड्या हातांनी ती काढतो. मेलेले वासरू उकिरड्यावर जाते आणि कुत्री ते ओढत नेतात. द्राक्षाने दगा दिला की दुधाच्या बिलावर घर तगवणाऱ्या तासगावच्या पंचक्रोशीत असा प्रसंग कोणालाही अनोळखी नाही. ‘दृष्ट लागली,’ म्हणून त्यावर पडदा पडतो. काही आठवड्यांनी त्याच पुरुषाला ताप चढू-उतरू लागतो, रात्री अंथरूण घामाने भिजते, कंबर धरते. टायफॉइडची औषधे होतात, क्षयाची तपासणी होते. गोठ्याची चौकशी मात्र क्वचितच होते. गोठा आणि ताप यांना जोडणाऱ्या या रोगाचे नाव ब्रुसेलोसिस.

डेव्हिड ब्रूस याने १८८७ मध्ये माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांच्या तापाचा जंतू शोधला. तो शेळ्यांच्या दुधातून येतो, हे १९०५ मध्ये झम्मित या माल्टाच्याच वैद्याने दाखवले. पुढे संपन्न देशांनी लशीच्या जोडीला सरळ मार्ग पत्करला : चाचणी करा आणि बाधित जनावर कापा. अमेरिकेने १९३४ पासून तेच केले. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये गोवंशातील या रोगापासून मुक्ती जाहीर केली.

हा मार्ग आपला नाही, आणि नसावाच. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याची. २०१५ मध्ये बैल-वळूंनाही तिचे संरक्षण लाभले. २०२४ मध्ये देशी गाय ‘राज्यमाता’ झाली. यावर पुरोगामी म्हणवणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला : कत्तल नाही तर रोग हटणार कसा? आक्षेप कुत्सित असला, तरी प्रश्न खरा आहे. त्याला घोषणेने उत्तर देता येत नाही. जनावराला औषध देऊन हा रोग मुळासकट घालवणे व्यवहारात जमत नाही. ज्याने सुरी नाकारली, त्याच्या हाती लस उरते. मग लशीच्या संशोधनाची सर्वांत मोठी हाकाटी गोभक्तांनीच करायला नको का? ती ऐकू येत नाही, हे आपल्याच घरातले न्यून आहे.

आज कालवडींना टोचली जाते ती ‘एस-१९’ लस. तिचा जंतू १९२३ मध्ये एका जर्सी गायीच्या दुधात सापडला. प्रयोगशाळेत वर्षाहून अधिक काळ साध्या तापमानात पडून राहिल्याने तो सौम्य झाला. योगायोगाने लाभलेल्या या देणगीवर जग शंभर वर्षे भागवत आहे! लस जिवंत जंतूची. ती चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच द्यायची. गाभण गायीला दिली तर तीच गाभडण्याची भीती. टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागली तर त्यालाही रोग होऊ शकतो. शिवाय रक्तचाचणीत लस टोचलेले जनावर कोणते नि आजारी कोणते, याचा घोळ होतो. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच जंतूतील एक जनुक काढून अधिक निर्धोक आणि चाचणीत वेगळी ओळखू येणारी लस घडवली, हे अभिमानास्पद आहे. पण ती तासगावच्या गोठ्यापर्यंत कधी पोहोचणार, हे कोणी विचारत नाही. माणसांसाठी तर जगन्मान्य लसच नाही. सोव्हिएत रशिया आणि चीन यांनी जिवंत जंतूंच्या लशी माणसांना दिल्या; त्या इतरत्र रुजल्या नाहीत. या रोगाचा भार गरीब गोपालक वाहतो. परदेशी औषध कंपन्यांना त्यात नफा दिसत नाही.

केंद्राने २०१९ मध्ये मथुरेतून लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांविरुद्धची मोहीम आरंभली, खर्चही स्वतः उचलला. पुण्यात औंधला राज्य शासनाची पशुलस निर्मिती संस्था आहे. लम्पीच्या स्वदेशी लशीचे तंत्रज्ञान २०२२ मध्ये तिलाच मिळाले. ब्रुसेलाच्या नव्या लशीसाठी तिचाच आग्रह का धरू नये? दूध संकलन केंद्रावर रोज फॅट मोजतात. दुधाच्याच थेंबांवर या रोगाचा माग काढणारी स्वस्त चाचणीही उपलब्ध आहे. तिची सक्ती का नको?

आणि गोशाळा. चारी दिशांनी आलेल्या गायी एकाच आवारात बांधल्या जातात. आलेल्या गायीची आधी तपासणी, बाधित गायीला आयुष्यभर वेगळा गोठा, एवढे तरी हवेच. देशी गायीमागे दररोज ५० रुपयांचे अनुदान २०२४ मध्ये मंजूर झाले. त्यात चारा भागवून हा वेगळा गोठा कसा बांधायचा, हे गोशाळाचालकांनी मंत्रालयाला लेखी विचारावे.