डबी नवी, रोल कोणता?

रंगीत फिल्मचा नवा रोल बाजारात आल्याची बातमी हल्ली अधूनमधून येते आणि कपाटातला जुना कॅमेरा पुन्हा गळ्यात अडकवलेली मंडळी हरखून जातात. त्यात गैर काही नाही. कोडॅकने २००९ साली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बंद केली. २०१२च्या जानेवारीत ती कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी एक्टाक्रोमही थांबवल्याचे तिने जाहीर केले. तेव्हा रंगीत फिल्मचे तेरावे उरकले, असेच साऱ्यांनी धरले होते. ज्याचे तेरावे झाले तो दारात उभा राहिला तर घरच्यांना आनंद होणारच. मात्र आलेला तोच आहे, की त्याचा सदरा घातलेला दुसराच कोणी, एवढे उंबऱ्यावर पाहून घ्यावे.

कारण ‘नवा रोल’ म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा नवी असते ती डबी. फुजीच्या ओळखीच्या हिरव्या डबीतले काही रोल आता ‘अमेरिकेत तयार’ असा शिक्का घेऊन येतात. अमेरिकेत रंगीत फिल्म बनवणारा मोठा कारखाना एकच आणि तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, कोडॅकचा. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे. २०२५च्या ऑक्टोबरात खुद्द कोडॅकने ‘कोडाकलर’ हे जुने नाव पुन्हा डबीवर छापून १०० आणि २०० असे दोन रोल आणले. आतला माल मात्र आपल्या चालू फिल्मचाच आहे, हे निदान तिने झाकून ठेवले नाही. सिनेस्टिल या कंपनीचा रोल म्हणजे कोडॅकची सिनेमाची फिल्म. तिच्या पाठीवरचा काजळीचा थर आधीच काढलेला असतो, म्हणून ती नेहमीच्या रसायनात धुता येते. तो थर नसल्यामुळे रात्रीच्या फोटोंत दिव्यांभोवती तांबडे वलय उमटते, आणि त्या वलयावरच लोक लुब्ध आहेत. यातले काहीच वाईट नाही. रोल मिळतो आहे, हे थोडेथोडके नव्हे. पण दहा डब्यांतला माल एकाच गिरणीचा असेल, तर ती गिरणी बंद पडेल त्या दिवशी दहाही डब्या रिकाम्या राहतील.

ही गिरणी आजवर टिकली, त्यातही फोटोवाल्यांपेक्षा सिनेमावाल्यांचा वाटा मोठा. २०१५च्या सुमारास हॉलिवूडच्या सहा मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले, म्हणून रॉचेस्टरची यंत्रे फिरती राहिली. आपल्या हातातला छत्तीसचा रोल हा त्या मोठ्या पंगतीतला शेवटचा पाट आहे.

या पार्श्वभूमीवर १ डिसेंबर २०२३ ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी. त्या दिवशी इंग्लंडच्या चेशायर परगण्यातल्या मॉबर्ली गावी असलेल्या हार्मन टेक्नॉलॉजीने ‘फिनिक्स २००’ हा रोल विक्रीला काढला. इलफर्डची कृष्णधवल फिल्म बनवणारी हीच कंपनी. रंगीत फिल्म तिने स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या कृतीने, पहिल्यापासून बनवली. माल कसा निघाला? खरे सांगायचे तर ओबडधोबड. फोटोतला रवा भरड, काळे-पांढरे टोकाचे, उजेडाभोवती लाल झाक. नेहमीच्या रंगीत निगेटिव्हला जी नारिंगी छटा असते तीही नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्यांची तारांबळ. पण ही पहिली पायरी आहे आणि विक्रीतून येणारा पैसा पुढच्या संशोधनात घालू, हे कंपनीने आधीच सांगितले होते. २०२५मध्ये ‘फिनिक्स दोन’ आला, त्यात रवा बारीक झालेला आणि रंग ताळ्यावर आलेले दिसले. पहिली पोळी तव्याला चिकटली, दुसरी बरी फुगली.

रंगीत फिल्म करायला इतके सायास का पडतात, हे तिच्या पोटात पाहिले की कळते. कृष्णधवल फिल्म म्हणजे जिलेटिनमध्ये कालवलेले चांदीचे क्षार. हौशी माणूस अंधाऱ्या खोलीत काचेवर तो लेप स्वतः देऊ शकतो. रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि तांबड्या उजेडाला ओळखणारे थर एकावर एक बसवायचे असतात. मध्ये निळा उजेड अडवणारी पिवळी गाळणी, पाठीमागे प्रकाश परतू न देणारा थर, शिवाय प्रत्येक थरात धुताना नेमका आपलाच रंग धरणारे रसायन. असे डझनभर थर केसाहूनही कमी जाडीत, आणि तेही मिट्ट काळोखात, धावत्या पट्टीवर अंथरायचे. ज्या नारिंगी छटेची वर गोष्ट निघाली, ती रंगद्रव्यांतली खोट भरून काढण्यासाठी मुद्दाम घातलेली असते, शोभेची नव्हे. या साऱ्याची कृती कागदावर असते, पण हात माणसांचा असतो. कारागीर निवृत्त झाला, रसायन पुरवणाऱ्याने दुकान गुंडाळले, की कागद उरतो आणि फिल्म जाते.

हे नुसते बोलणे नाही. एक्टाक्रोम परत आणतो, असे कोडॅकने २०१७च्या जानेवारीत जाहीर केले. कृती तिची, यंत्रे तिची, तरी रोल दुकानात यायला २०१८चा सप्टेंबर उजाडला. इटलीतल्या फिल्म फेरानियाने २०१४ साली लोकवर्गणीतून तीन लाखांहून अधिक डॉलर उभे केले, ते रंगीत स्लाइडची फिल्म पुन्हा बनवण्यासाठी. २०१७मध्ये त्या कारखान्यातून बाहेर पडली ती पी-३० ही कृष्णधवल फिल्म. पैसा होता, इमारत होती, उमेदही होती. तुटलेली साखळी तेवढ्याने जुळत नाही.

आपल्याकडे ही साखळी कधी घडली आणि कधी तुटली, याची फार थोड्यांनी दखल घेतली. १९६० साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म कित्येक स्टुडिओंनी वापरली, तिथलीच एक्स-रे फिल्म इस्पितळांनी वापरली. सरकारी मालकीचा तो कारखाना आज बंद आहे. रघुबीर सिंग यांच्यासारख्या छायाचित्रकाराने कोडाक्रोमवर हिंदुस्थानचे रंग जगाला दाखवले. कोडाक्रोमचा कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल घेऊन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी राजस्थानात आणि मुंबईत फिरला, तेव्हा सिनेमातले आपले नामवंत त्या रोलवर उमटले. रंग आपले, फिल्म परक्याची, असाच हा व्यवहार राहिला. आज इथला फोटोवाला महागड्या रोलबद्दल कुरकुरतो ते रास्त आहे. पण आयातीवर जगणाऱ्याला भाव ठरवता येत नाही, हेही तितकेच खरे.

मग त्याने करावे काय? एक तर विक्रेत्याला विचारावे की ही फिल्म कुठल्या कारखान्यात बनली. तेलाच्या डब्यावर आतला माल काय हे लिहावे लागते. फिल्मच्या डबीवर एवढे लिहिले तर कोणाचे काही जात नाही. दुसरे, ‘हा रोल बंद होणार’ अशी आवई उठली की वीस-वीस रोल फ्रिजमध्ये कोंबण्याची सवय सोडावी. साठेबाजीने भाव चढतो, कारखाना चालत नाही. कारखाना चालतो तो महिन्याला एक रोल टाकून, तो वेळेवर धुवायला देणाऱ्या गिऱ्हाइकावर. त्याच गिऱ्हाइकावर पेठेतला रोल धुणारा उरलासुरला स्टुडिओही जगतो, आणि तो गेला तर हातातल्या रोलचे लोणचे घालायचे काय?

तिसरी गोष्ट कानाला कडू लागेल. जुन्या फिल्मचा मऊ, बिनचूक रंग नव्या कारखान्याच्या पहिल्या रोलकडून मागणे हा अन्याय आहे. कोडाक्रोम १९३५ साली आली आणि पुढच्या सात दशकांच्या वाटचालीत सुधारत गेली. फिनिक्सच्या वाट्याला अजून तेवढे महिनेही आलेले नाहीत. सुबक रोल घ्यायचा तर रॉचेस्टरचा जरूर घ्यावा. पण पाच रोलांत एक तरी त्या नवशिक्या कारखान्याचा असावा, भरड रव्यासकट आणि लाल झाकेसकट. नव्या डबीने रंगीत फिल्मला आयुष्य मिळत नाही. ते मिळेल दुसऱ्या गिरणीने, आणि ती गिरणी सध्या चुका करत शिकते आहे. तिच्या चुकांचे पैसे आपण मोजले नाहीत, तर पुढच्या वेळी तेरावे खरोखरीचे असेल.