सोसायटीच्या गोदामांत वायफाय बसविण्यापूर्वीं

नागपूर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं सेवा सहकारी सोसायटीचें स्वतःचें गोदाम आहे. जेथें गोदाम नाहीं तेथें निदान एक खोली, एक टेबल व एक लोखंडी कपाट एवढा सरंजाम असतोच. ह्या जागेंत बिनतारी इंटरनेटची, म्हणजे ज्यास सर्वत्र वायफाय म्हणतात त्याची, पेटी बसवावी कीं कसें, हा प्रश्न आतां ठिकठिकाणच्या संचालक मंडळांपुढें येऊं लागला आहे. बसवावी, असें आमचें मत आहे. मात्र ती फुकट चालवूं नये; आणि पेटीचें बिल होण्यापूर्वीं तिची तार कोठून येणार, ती कोठें टांगली जाणार व तिची किल्ली कोणाच्या हातीं राहणार, हें ठरावांत लिहून निघालें पाहिजे, हेंही आम्ही तितक्याच आग्रहानें सांगतों.

महसूल खात्याच्या दप्तरांत हयात गेल्यामुळें ह्या प्रश्नाकडे आम्ही सातबाऱ्याच्या बाजूनें पाहतों. ज्या काळीं तलाठी पीकपाहणी लिहीत असे, त्या काळीं नोंद चुकली तर त्यास चावडींत गांठून जाब विचारतां येई. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा इंटरनेटवरून मिळूं लागला. त्याची फी पंधरा रुपये. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाचा रकाना खुद्द खातेदारानें आपल्या मोबाइलवरून भरावयाचा, असें ठरलें. २०२३ व २०२४ च्या खरिपांत पीकविम्याखालीं स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आंत देण्याची अट होती. १५ एप्रिल २०२५ पासून कृषि खात्याच्या योजनांस शेतकरी ओळख क्रमांक लागूं लागला. ह्या सुधारणा वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. स्वतःचें पीक स्वतः नोंदविणें ही खातेदाराच्या हिताचीच गोष्ट आहे. परंतु दप्तर मोबाइलांत गेलें आणि मोबाइलची रेंज मात्र गांवाबाहेरच्या टेकाडावर राहिली, तर तो हक्क कागदावरच राहतो.

मग होतें काय, तर खातेदार मजुरी बुडवून तालुक्याच्या गांवीं जातो, तेथील एखाद्या दुकानांत रांगेंत उभा राहतो, मोबाइल दुसऱ्याच्या हातीं देतो आणि आलेला ओटीपी मोठ्यानें वाचून दाखवितो. हा ओटीपी म्हणजे त्याची सही होय. आपल्या आजोबा-पणजोबांनीं कोऱ्या कागदावर अंगठा दिला म्हणून शेतें सावकाराच्या नांवें चढल्याच्या कथा घराघरांत सांगितल्या जातात. तो अंगठा आणि हा ओटीपी यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. दुकानदार सारेच लबाड असतात असें नव्हे. बहुतेक बिचारे इमानानें काम करितात. तथापि आपली सही आपल्या गांवीं, आपल्या डोळ्यांदेखत व आपल्याच बोटानें व्हावी, एवढ्याकरितां सोसायटीनें थोडा खर्च सोसला तर तो वायां गेला असें म्हणतां येणार नाहीं.

आतां पेटीविषयीं. दुकानांत जिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात त्या पेटींत इंटरनेट नसतें. हें वाक्य आम्ही मुद्दाम ठळक सांगतों, कारण ह्याच ठिकाणीं पुष्कळांची फसगत होते. पेंचच्या कालव्याखालीं ज्यांचीं शेतें आहेत त्या रामटेक-मौद्याकडील वाचकांस हें चटकन् कळेल. पेटी म्हणजे चारीवरची मोरी आहे. वरून कालवा वाहत असेल तर मोरी पाणी वांटील. कालवा कोरडा असेल तर मोरी सिमेंटची असो कीं संगमरवरी, शेत कोरडेंच राहणार. ‘बिनतारी’ हें नांवही फसवें आहे. हवेंतून जातें तें शेवटच्या पन्नास-शंभर पावलांपुरतें. त्याच्या मागें तार आहेच. ती तार एक तर भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची जी योजना ऑक्टोबर २०११ मध्यें मंजूर झाली व जिच्या सुधारित रूपास ऑगस्ट २०२३ मध्यें १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली तिची. नाहीं तर खाजगी कंपनीची. नाहीं तर तीही नसल्यास छपरावर उंच अँटेना लावून घेतलेली मोबाइलची रेंज. पंचायतींत फायबर आला म्हणून तो चालतोच, असें गृहीत धरूं नये. आठ दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, तो चालूं आहे कीं नाहीं याची एका वहींत नोंद ठेवावी आणि मगच पेटीची चौकशी करावी. वर पाणीच नसेल तर दोन-तीन हजारांची मोरी घालण्याचें कारण नाहीं.

जागेच्या बाबतींत लोक जेवढे निष्काळजी असतात तेवढे दुसऱ्या कशांतही नसतील. एका कार्यालयांत चोरीच्या भयानें ही पेटी लोखंडी कपाटांत कुलूपबंद ठेवलेली आम्हीं पाहिली आहे. तिचे हिरवे दिवे कपाटांतल्या कपाटांत लुकलुकत होते आणि बाहेर बांकावर बसलेल्या मंडळीस कांहींच मिळत नव्हतें. धातूच्या पत्र्यांतून ह्या लहरी पार होत नाहींत. उलट त्यावर आपटून परततात. आपलीं गोदामें बहुधा टिनाच्या छपराचीं असल्यामुळें एकाच लहरीचे अनेक प्रतिध्वनि उठून एकमेकांत गुंततात. ह्याच प्रतिध्वनींचें कोडें सोडविल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ ह्या सरकारी संस्थेस १९९६ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. वाचकांस मौज वाटेल कीं, ही तीच संस्था आहे जी तिकडे गहूं, मेंढ्या व लोकर यांवर संशोधन करिते. शोध मात्र तिच्या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांचा.

सबब पेटी गोदामाच्या ओसरीवर, माणसाच्या डोक्याच्या वर, जेथें लोक बसतात तिकडे तोंड करून टांगावी. मध्यें दोन जाड भिंती आल्या तर तिला लवकरच धाप लागते. काटोल, नरखेड, कळमेश्वर ह्या भागांत सोसायटीच्या अंगणास लागूनच संत्र्याची बाग असते. तेथें एक गोष्ट अधिक ध्यानांत ठेवावी लागते. पानांत पाणी असतें आणि पाणी ह्या लहरी शोषून घेतें. उन्हाळ्यांत ताणावर सोडलेल्या बागेच्या पलीकडे जी रेंज मिळाली, ती मृगाच्या पावसानंतर भरगच्च ओल्या पानांपलीकडे मिळेलच असें नाहीं. पेटीवर बहुधा दोन लहरपट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर व भिंतींतून बरा जातो, ५ गिगाहर्ट्झचा जवळ पण जलद चालतो. आपल्या कामास पहिला पुरे. राउटरपासून पेटीपर्यंतची तार शंभर मीटरपेक्षां लांब नसावी. वीज जाणें तर आपल्याकडे नित्याचेंच. परंतु पेटी दहा-बारा वॅटच खाते, तेव्हां एक लहानसा इन्व्हर्टर ती कित्येक तास चालवितो. छपरावर अँटेना असेल तर वीजरोधक व जमिनींत नीट पुरलेली अर्थिंगची तार लावल्याशिवाय ती उभारूंच नये. आपल्या मुलखांत वळवाच्या पावसांत विजा किती पडतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

बसविणारा मुलगा शहरांतून येईल आणि अर्ध्या तासांत ‘झालें’ म्हणून निघूं लागेल. त्यास जाऊं देण्यापूर्वीं गटसचिवानें तीन गोष्टी पाहाव्या. पहिली क्रमांकांची. ह्या जाळ्यांत येणाऱ्या प्रत्येक मोबाइलास एक क्रमांक दिला जातो, जसा प्रत्येक जमिनीस गट नंबर. हा क्रमांक देण्याचें काम मूळ राउटर करीत असतो. नवी पेटीही तेंच काम करूं लागली, तर एका गांवास दोन तलाठी होऊन दोघेही आपापल्या वहींतून गट नंबर देऊं लागल्यासारखा घोटाळा होतो: कोणाचा मोबाइल चालतो, कोणाचा नाहीं, आणि कारण कोणासच उमगत नाहीं. सबब नव्या पेटींतील ती सोय बंद करवून घ्यावी, व खुद्द पेटीचा क्रमांक राउटरच्या क्रमांकाहून निराळा ठेवावा. दुसरी गोष्ट परवलीच्या शब्दाची. कारखान्यांतून येतो तो शब्द साऱ्या जगास ठाऊक असतो. तो त्याच दिवशीं बदलून नवा शब्द बंद लिफाफ्यांत दप्तरदाखल करावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जून २०२२ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. त्याखालीं सोसायटींत संगणक आला असेल, तर त्यांत सभासदांच्या कर्जाचीं खातीं आहेत. तो संगणक व ओसरीवरील मंडळींचे मोबाइल एकाच जाळ्यांत नसावेत. पाहुण्यांसाठीं निराळी जोडणी करण्याची सोय बहुतेक पेट्यांत असते. ती चालूं करवून घ्यावी. तिजोरीच्या खोलींत कोणी बाजार भरवीत नाहीं.

कायद्याचें भय कांहींजणांस वाटतें, त्यांच्यासाठीं दोन शब्द. जुन्या वाचकांस आठवत असेल, घरीं रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टांतून वर्षाचा परवाना काढावा लागे. ती अट १९८० च्या दशकांत उठली. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यास ठराविक शक्तीच्या मर्यादेंत २००५ पासून परवाना लागत नाहीं. मात्र आपल्या कार्यालयापुरती जोडणी वेगळी आणि आल्यागेल्यास पैसे घेऊन इंटरनेट देणें वेगळें. ह्या दुसऱ्या कामासाठीं ९ डिसेंबर २०२० रोजीं मंत्रिमंडळानें पीएम-वाणी ही योजना मंजूर केली. तीखालीं किराणा दुकानदार किंवा सोसायटीही परवान्यावांचून, नोंदणीवांचून व सरकारास फी न देतां सार्वजनिक डेटा कार्यालय उघडूं शकते. गिऱ्हाइकाची ओळख पटविणें व हिशेब ठेवणें हें तिच्याशीं करार केलेली नोंदणीकृत संस्था पाहते. अशा कार्यालयांकडून कंपन्या व्यापारी दर मागत, ही जुनी तक्रार होती. जून २०२५ मध्यें ट्रायनें २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीस घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारूं नये असा आदेश काढला. आमच्या मतें सोसायट्यांनीं हीच वाट धरावी.

फुकट कां नको, याचें उत्तर मागील अनुभवांत आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोंवतींच्या ७० गांवांत १९९८ सालीं संगणक बसविण्याची योजना सुरू झाली. बाजारभाव, शेतीसल्ला, दाखले, सर्व कांहीं त्यावर मिळणार होतें. प्रत्यक्षांत लोकांनीं ते वापरले मुख्यतः एका कामासाठीं: उसाची नोंद, तोडणी व वजन यांचा हिशेब पाहण्यासाठीं. पुढें २००७ च्या सुमारास सात गांवांत तेंच काम साध्या मोबाइलच्या संदेशावर करून पाहिलें, तर तें लोकांस अधिक सोईचें वाटलें. यंत्र बदललें, पण हिशेब टिकला. कारण तो सभासदाच्या पैशाचा होता. दुसरें उदाहरण आपल्या विदर्भांतील. मेळघाटांतील हरिसाल २०१६ सालीं राज्य सरकार व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या योजनेंतून देशांतील पहिलें डिजिटल गांव म्हणून गाजलें. २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत तेथील सोयी बंद पडल्या आहेत असा आरोप राज ठाकरे यांनीं जाहीर सभेंत केला व सरकार पक्षानें तो नाकारला. कोणाचें खरें, हा वाद येथें नको. पण यंत्र चालूं आहे कीं बंद, ह्याची तक्रार गांवाबाहेरच्या माणसानें मुंबई-सोलापुरास करावी लागते, तेथें यंत्राचा धनी गांवांत नाहीं हें उघड होतें. ज्यास आपण महिन्याचे थोडे कां होईना पैसे देतों, तें बंद पडल्यावर आपण दुसऱ्याच दिवशीं विचारावयास जातों. फुकटची विहीर गाळानें भरली तरी कोणी उतरत नाहीं.

याउलट १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें चालविलीं. रेडिओचा खोका तर इतरत्रही होता. येथें प्रत्येक मंडळास एक निमंत्रक होता, बसण्याचा वार ठरलेला होता, आणि ऐकलेल्यावर चर्चा करून प्रश्न परत पाठवावयाचे होते. आम्हांस सोसायटीची पेटी अशी हवी आहे. ई-पीक पाहणीच्या मुदतींत आठवड्यांतून दोन संध्याकाळीं गांवचा एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी ओसरीवर बसावी; ॲपची नवी आवृत्ती उतरवून द्यावी, सातबारा काढण्याची रीत दाखवावी, पण ओटीपी कोणाचाही विचारूं नये. बांधावरचें चित्र ज्याचें त्यानें बांधावर जाऊनच काढावयाचें आहे. पेटी तेथवर पोंचणार नाहीं.

पोरें क्रिकेटचे सामने पाहत बसतील, हा आक्षेप आम्हीं प्रत्येक बैठकींत ऐकला आहे. पाहतील, आणि पाहूं द्यावे. पैसे भरून पाहतील तर पेटीच्या खर्चाचा मोठा वाटा तींच उचलतील. दिवसां सोसायटीच्या वेळांत प्रत्येकास वेगाची मर्यादा घालतां येते, ती घालावी, म्हणजे दाखला काढणाऱ्या म्हाताऱ्यास ताटकळावें लागणार नाहीं. खरी अडचण निराळी आहे. गोदामाच्या ओसरीवर आपल्याकडे पुरुषच बसतात; ज्यांच्या नांवें सातबारा आहे अशा खातेदार बायांस तेथें येऊन बसण्याचा संकोच वाटतो. पेटी गोदामाऐवजीं शाळेच्या किंवा पंचायतीच्या बाजूस टांगावी लागली तरी चालेल, पण त्यांचा विचार जागा ठरवितांनाच झाला पाहिजे.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वीं व्हावयाची असते. विषयपत्रिका निघण्यापूर्वीं दोन सभासदांनीं सह्या करून गटसचिवास लेखी पत्र द्यावें व त्याची पोंच घ्यावी. पत्रांत तार कोणाची, तिच्या आठ दिवसांच्या नोंदीची वही, पेटीची जागा, महिन्याची वर्गणी, आणि परवलीच्या शब्दाचा लिफाफा कोणाच्या ताब्यांत, एवढें लिहावें. दरपत्रकें तीन मागवावीं, आणि बसवून गेल्यानंतर वर्षभर बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येईल, हें त्यांतच लिहून घ्यावें.